लॉकरमधले जुने मोती

बँकेत असताना लॉकरची जबाबदारी आमच्याकडे होती, तेव्हाची एक आठवण आधी सांगतो. गौरी-गणपतीच्या आधीचा आठवडा आणि लग्नसराई हे लॉकररूमच्या गर्दीचे दिवस. आम्ही बँकेची किल्ली फिरवून बाजूला व्हायचो. आत काय आहे ते बघायचे नाही, हा नियमच. पण दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या काकू-मावश्या ओळखीच्या असत. सण झाला की दागिने परत ठेवायला येत आणि म्हणत, "साहेब, एखादी प्लास्टिकची पिशवी द्या ना, नथ ठेवायची आहे." आम्ही नाण्यांच्या पिशव्यांतली एक कोरी पिशवी काढून द्यायचो. आतली हवा दाबून काढायची, वर रबर लावायचे, आणि नथ आत जायची ती पुढच्या गौरीपर्यंत. कधी कधी घरातल्या पुढच्या लग्नापर्यंत, म्हणजे सात-आठ वर्षेही.

आपण मदत करतो आहोत असेच तेव्हा वाटे. सोन्याला त्या पिशवीने काही झाले नाही. मोत्यांचे मात्र नुकसान झाले असणार, आणि हे कळायला आम्हाला निवृत्त व्हावे लागले.

मंडळाच्या हळदीकुंकवाच्या वेळी जुन्या दागिन्यांवरून बायकांचे बोलणे निघाले. कोणाच्या तन्मणीचे सर तुटलेले, कोणाची चिंचपेटी 'काळवंडली' म्हणून मोडायला निघालेली. आमच्या सौ.नी घरी येऊन सांगितले, "तुम्ही एवढे वाचत बसता त्यावर, लिहून तरी काढा." म्हणून हा लेख. आम्ही रत्नपारखी नाही. घरातली एक चूक पुरती कळल्यावर माणूस त्या विषयाच्या मागे लागतो, तसे आमचे झाले.

ती चूक अशी. धाकट्या बहिणीचे लग्न ठरले तेव्हा आजीची चिंचपेटी आणि नथ मोडून नवीन दागिना करायचे ठरले. सराफाने मोती काढून सोन्याचे वजन केले आणि आकडा सांगितला. मोती एका कागदावर काढून ठेवले होते. बारीक, पिवळसर, एकसारखे नसलेले. "हे जुने झालेत, पाणी उतरलंय. हवे असतील तर पुडी बांधून देतो." आम्ही म्हणालो, राहू द्या. नवीन नथीत पांढरेशुभ्र, टपोरे, एका मापाचे मोती आले आणि सगळ्यांना ती फार आवडली. सराफाने फसवले असे आमचे म्हणणे नाही. त्याने विचारले होते. आम्हीच नको म्हटले.

का म्हटले, तर आमचे डोके बँकेचे होते. सोनेतारण कर्जात आम्ही वर्षानुवर्षे हेच केले. दागिना आला की पारखी वजन करतो, त्यातून खडे, मोती, लाख, दोरा यांचे वजन वजा करतो आणि उरलेल्या निव्वळ सोन्यावर कर्ज बसते. मोत्याच्या रकान्यात नेहमी वजाबाकीच. तारणापुरते ते बरोबरच आहे, कारण मोत्याला सोन्यासारखा रोजचा भाव नाही. पण तीच वजाबाकी आम्ही घरी आणली.

आता आपल्याकडच्या जुन्या दागिन्यांत मोती कुठून आले ते पाहू. साधारण १९३० च्या आधीचा दागिना असेल तर त्यातले मोती बहुधा बसऱ्याचे. बसरा हे इराकमधले बंदर. मोती सापडायचे ते आखातात, बहरीन, कतार, कुवेतच्या किनाऱ्यांवर. उन्हाळ्याच्या मोसमात पाणबुडे नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून, एका श्वासावर तळाशी जात आणि शिंपले वर आणत. बहुतेक शिंपल्यांत काहीच नसे. जे मोती मिळत त्यांचा मोठा बाजार मुंबई. तिथे ते चाळणीने निवडले जात, त्यांना भोके पाडली जात, सर गाठवले जात, आणि मग निम्मी दुनिया ते विकत घेई. मोत्याचा भाव सोन्यासारखा सरळ वजनावर नसे, वजनाच्या वर्गावर असे. एक रतीच्या मोत्याला एक रुपया धरला, तर तसल्याच दोन रतींच्या मोत्याला दोन नाही, चार रुपये. मुंबईचे मोतीवाले या हिशेबाला 'चव' म्हणत. आमच्यासारख्या बी.कॉम. माणसाला हे वाचून जो आनंद झाला तो सौ.ना समजावून सांगता आला नाही.

आपल्या बडोद्याला तर मोत्यांचे वेडच होते. खंडेराव महाराज गायकवाडांनी १८६५ च्या सुमारास मोत्यांचा एक गालिचा करवून घेतला. हरणाच्या कातड्यावर आणि रेशमावर अंदाजे पंधरा लाख बारीक बसरा मोती, शिवाय हिरे, माणके, पाचू, नीलमणी. मदिनेला पैगंबरांच्या कबरीसाठी अर्पण करण्याचा त्यांचा मानस होता असे सांगतात. १८७० मध्ये महाराज गेले आणि गालिचा इथेच राहिला. २००९ मध्ये दोहा येथे त्याचा लिलाव सुमारे ५५ लाख डॉलरला झाला. त्याआधी २००७ मध्ये गायकवाडांच्या प्रसिद्ध सात पदरी मोत्यांच्या हारातल्या मोत्यांचा दोन पदरी हार न्यूयॉर्कला विकला गेला. मोती ६८, किंमत सुमारे ७१ लाख डॉलर.

आपल्या आजीच्या नथीतले मोती या पंक्तीतले नव्हेत, हे स्पष्ट सांगतो, नाहीतर उद्या कोणीतरी हा लेख घेऊन सराफाकडे जाऊन भांडेल. महाराजांचे मोती टपोरे, गोल, निवडून निवडून घेतलेले. आपल्या घरांतले बारीक. पण समुद्र तोच, शिंपला तोच, आणि तसले मोती आता नव्याने निघत नाहीत म्हटले तरी चालेल.

ते थांबले ते असे. जपानमध्ये मिकिमोतो कोकिची यांनी १८९३ मध्ये शिंपल्यात माणसाच्या हाताने अर्धगोल मोती वाढवून दाखवला. पुढे पूर्ण गोल मोती जमले आणि १९२० च्या दशकात ते बाजारात आले. पाठोपाठ जागतिक मंदी. आखातात तेल निघाले तसे पाणबुड्यांनाही दुसरे काम मिळाले. भाव किती कोसळला याचे एक उदाहरण नेहमी देतात. १९१७ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका धनिक कुटुंबाने आपला फिफ्थ अव्हेन्यूवरचा वाडा कार्तिए या जवाहिऱ्यांना दिला, बदल्यात दोन पदरी नैसर्गिक मोत्यांचा हार आणि वर शंभर डॉलर घेतले. हाराची किंमत तेव्हा दहा लाख डॉलर धरली होती. १९५७ मध्ये तोच हार दीड लाखाच्या आसपास गेला. आपल्याकडेही त्या काळात घरोघरचे मोती 'स्वस्त झाले' म्हणून दुर्लक्षिले गेले असतील. भाव नंतर पुन्हा चढले, पण तोवर आमच्यासारख्यांनी पुड्या नको म्हटल्या होत्या.

आता ओळख. घरातला मोती तीनपैकी एक असतो. नैसर्गिक, म्हणजे शिंपल्यात आपोआप झालेला. कल्चर, म्हणजे माणसाने शिंपल्यात बीज घालून वाढवलेला. आणि नकली, म्हणजे काचेच्या किंवा प्लास्टिकच्या मण्यावर चकाकी चढवलेली. कल्चर मोती हा खोटा मोती नव्हे. तोही शिंपल्यातच तयार होतो, त्यावरही मोत्याचेच थर असतात. आईला १९६०-७० च्या सुमारास घेतलेला जपानी कल्चरचा सर ही चांगली वस्तू आहे आणि तीही नीट जपावी.

नकली ओळखणे सोपे. दोन मोती एकमेकांवर हलकेच घासा. खरे मोती, नैसर्गिक असोत वा कल्चर, किंचित खरखरीत लागतात. काच, प्लास्टिक गुळगुळीत सरकते. समोरच्या दाताच्या कडेवर फिरवले तरी हेच कळते, फक्त चावायचे नाही. भोकाच्या कडेला भिंगातून पाहा. नकली मोत्याची चकाकी तिथे पापुद्र्यासारखी सुटलेली दिसते. व्हिनेगरमध्ये टाकून किंवा तापलेल्या सुईने मोती तपासणारे लोक अजून भेटतात. व्हिनेगरने खरा मोती विरघळू लागतो आणि सुईने जळतो. मोती खरा होता हे कळते, पण तोवर तो बिघडलेला असतो.

नैसर्गिक की कल्चर, हे अवघड. आम्हाला सर्वांत उपयोगी पडली ती भोकाची खूण. जुना मोती वजनावर विकला जाई, म्हणून भोक पाडताना कणभरही वाया जाऊ नये अशी धडपड असे. धनुकलीने फिरणाऱ्या सामत्याने दोन्ही बाजूंनी थोडे थोडे कोरत मधे भोक जुळवायचे. त्यामुळे जुन्या मोत्याचे भोक इतके बारीक असते की नेहमीची सुई अडते, आणि कधी दोन्ही बाजूंची भोके किंचित तिरकी असतात. कल्चर मोत्याचे भोक यंत्राचे, सरळ आणि मोठे. सराफाकडच्या दहापट भिंगातून त्या भोकात पाहिले तर गोल कल्चर मोत्यात वरचा थर आणि आतला मणी यांच्यामध्ये एक रेघ दिसते. तो मणी बहुधा अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातल्या गोड्या पाण्याच्या शिंपल्याचा असतो. मोत्यामागून मोबाइलचा टॉर्च धरून मोती सावकाश फिरवला, तर कधी त्या मण्याचे पट्टे झळकतात.

रंग आणि आकारही बोलतात. बसऱ्याचा मोती साईसारखा, किंचित पिवळसर, कधी गुलाबी झाक असलेला. एका सरात सगळे मोती एकाच मापाचे, एकाच रंगाचे, तंतोतंत गोल असतील तर ते नैसर्गिक असण्याची शक्यता फार कमी. जुन्या तन्मणीचे सर हातात घेऊन पाहा, एक मोती दुसऱ्यासारखा नसतो. कोणी चपटा, कोणाला खळगी, कोणी तांदळाच्या दाण्यासारखा लांबट. आम्ही ज्याला 'दोष' समजून मोती सोडले, तीच ही खूण.

पण लांबट आणि ओबडधोबड म्हणजे बसराच, असेही नाही. १९७०-८० नंतर चीनमधून गोड्या पाण्याचे कल्चर मोती प्रचंड प्रमाणात आले. त्यांतले बरेच तसेच दिसतात, आणि त्यांच्या आत मणी नसल्यामुळे भोकातली रेघही सापडत नाही. इथे घरचा पुरावा कामी येतो. आजीचा, पणजीचा तोच दागिना घातलेला फोटो आहे का? जुन्या फोटोंत आजोबांच्या कानातली भिकबाळीसुद्धा बघा. फोटो १९२० च्या आधीचा असेल आणि मोती बदललेले नसतील, तर बरेचसे उत्तर मिळाले. अखेरचा निकाल मात्र रत्नांच्या प्रयोगशाळेत, एक्स-रेनेच होतो. मुंबईला, जयपूरला अशा प्रयोगशाळा आहेत. सगळ्यांनी धावत जावे असे नाही. दागिना विकायचा, मोडायचा किंवा भावंडांत वाटायचा असेल तर आधी जरूर जावे.

आता जपणूक. मोती म्हणजे चुनखडीसारखाच पदार्थ, पातळ थरांत रचलेला, त्या थरांना धरून ठेवणारा सेंद्रिय चिकट पदार्थ आणि थोडेसे पाणी. आपण 'मोत्याचे पाणी' म्हणतो ते चमकेला उद्देशून, पण खरे पाणीही त्यात असते, साधारण दोन ते चार टक्के. हवाबंद पिशवी, लॉकरची कोरडी पेटी आणि वर्षानुवर्षे न उघडणे यांनी मोती सुकतो, ठिसूळ होतो, कधी तडकतो. शिवाय घाम आणि तेल न पुसता मोती पिशवीत गेला तर तेही आत मुरत राहते. म्हणून पिशवी नको. जुन्या मलमलच्या किंवा धुतलेल्या सुती पातळाच्या तुकड्यात गुंडाळा आणि वेगळ्या डबीत ठेवा. वेगळ्या यासाठी की मोती फार मऊ. शेजारी पाटली किंवा हिऱ्याची कुडी असली की चरे पडतात. सर टांगून ठेवू नयेत, रेशीम ताणते. आडवे ठेवावेत. कापूस थेट मोत्यांवर नको, तंतू नथीच्या तारेत अडकतात आणि ओढताना तार सैल होते.

काही घरांत मोती तांदळात ठेवतात. तांदूळ ओल शोषतो, आणि मोत्याची ओल जायला नको आहे. वर पोरकिडे होतात ते वेगळेच. आम्ही तांदूळ काढून टाकला.

लॉकर वर्षातून तीन-चारदा तरी उघडा, दागिना बाहेर काढा, आणि शक्य असेल तर घाला. घरातली एखादी वाढदिवसाची, सत्यनारायणाची संध्याकाळही पुरते. वापरातले मोती बरे राहतात, फक्त क्रम पाळायचा. पावडर, क्रीम, अत्तर, केसांचा स्प्रे सगळे आधी, मोती शेवटी. परत आल्यावर सर्वांत आधी मोती उतरवायचे. नथीचा संबंध थेट चेहऱ्याच्या मेकअपशी येतो, म्हणून नथ विशेष सांभाळायची. लग्नात ब्यूटी पार्लरवाल्या मुली नथ घातल्यावर वरून मेकअप पक्का करण्याचा स्प्रे मारतात, तेव्हा दोन मिनिटे नथ काढायला सांगायला लाजू नका.

पुसायचे कसे? साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या मऊ फडक्याने, मग कोरड्याने, आणि थोडा वेळ सावलीत हवेवर. एवढेच. रिठ्याचे पाणी सोन्यासाठी ठीक, मोत्यांची नथ त्यात बुडवू नये. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, सोडा यांतले काहीही नाही. सराफाकडची कंप सुटणारी सफाईची यंत्रे आणि वाफ मोत्यांना चालत नाही. पिवळा झालेला जुना मोती कशानेही पांढरा करायला जाऊ नका. तो पिवळेपणा बहुधा वयाचा किंवा मूळचाच असतो.

गाठवण्याबद्दल. सर नेहमी वापरात असेल तर दर दोन-तीन वर्षांनी रेशीम बदलावे. दोन मोत्यांमध्ये दोरा दिसू लागला, काळा पडला किंवा ढिला झाला की थांबू नये. प्रत्येक मोत्यानंतर गाठ मारून घ्यावी, म्हणजे सर तुटला तरी एकच मोती निसटतो. अडचण अशी की जुन्या बारीक भोकांतून आजचा दोरा जात नाही आणि कारागीर म्हणतो, "भोक थोडं मोठं करून घेतो." तिथे नाही म्हणायचे. भोक मोठे केले की मोत्याचे वजन जाते, जुनेपणाची खूण जाते, आणि मोती फुटू शकतो. बारीक रेशमाने काम करणारे पटवेकरी कमी झाले आहेत, पण आहेत. शोधायला वेळ लागला तर दागिना तसाच ठेवा.

नथीत, कुड्यांत मोती सोन्याच्या तारेत बसवलेले असतात. दुरुस्तीत डाख द्यायचा असेल तर आधी मोती काढायला सांगा, कारण आच लागली की मोती करपतो. काढण्याआधी मोजून, फोटो काढून द्यायचे आणि परत घेताना त्याच फोटोवरून मोजून घ्यायचे. पारंपरिक नथीची चापाची नथ करून घेण्याची आता पद्धत आहे. मुलींचे नाक टोचलेले नसते, त्यामुळे ते योग्यच आहे, पण जुने मोतीच पुन्हा बसवायला सांगा.

शेवटी थोडे आमच्या जुन्या खात्यातले. रिझर्व्ह बँकेच्या लॉकरच्या नियमांप्रमाणे, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले, आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याचा गैरव्यवहार यांत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत असते. पूर, भूकंप यांसारख्या आपत्तीत, बँकेचा निष्काळजीपणा नसेल तर, जबाबदारी नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी कुठवर आले ते आपण पाहिले आहे. तळमजल्यावर किंवा तळघरात लॉकर असेल तर मोत्यांची डबी वरच्या खणात हलवता येईल का, हे शाखेत विचारून ठेवा.

आणि यादी करा. सोन्याचे वजन सगळ्यांच्या वहीत असते, मोत्यांचे काहीच नसते. मोती किती, साधारण माप काय, कोणाकडून आले, कोणत्या लग्नात कोणी घातले होते, सोबत दोन्ही बाजूंनी काढलेला फोटो. घराचा विमा उतरवताना मूल्यांकनकाराच्या अहवालातही मोत्यांची वेगळी ओळ करून घ्यायची.

आमच्याकडे आजीच्या मोत्यांपैकी आता फक्त कुड्यांची एक जोडी आहे, प्रत्येकीत सात. भिंगाखाली पाहताना डावीतला एक मोती वेगळा निघाला. भोक मोठे, आत सरळ रेघ. आईने कधीतरी हरवलेल्या मोत्याच्या जागी बसवून घेतला असणार. तो आम्ही बदललेला नाही. वहीत नोंद केली आहे: कुड्या एक जोड, मोती १४, पैकी जुने १३, कल्चर १, आईच्या वेळचा.